खडकाला गुण देताना

मागच्या व्याख्यानात आपण वर्गीकरणाबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, "सर, वर्ग चुकला तर असं काय बिघडतं? फार तर पुस्तक भलत्या कपाटात जाईल." प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण असं वर्गीकरण घेऊ, जिथे वर्ग चुकला तर माणूस डोक्यावरच्या छतासकट खाली येतो. विषय आहे बोगदा खणताना खडकाची प्रत कशी ठरवतात.

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्याचा काही भाग कोसळला. ४१ कामगार आत अडकले आणि सतराव्या दिवशी सगळे सुखरूप बाहेर आले. ते का घडलं, याचा निवाडा आपण इथे करणार नाही. तो आपला अधिकारही नाही. पण त्या दिवसांत आपल्यापैकी प्रत्येकाला एक गोष्ट कळली की डोंगर बाहेरून कितीही भक्कम दिसो, आत तो एकसंध नसतो.

इथे पहिला भेद करायला हवा. हातातला दगड वेगळा आणि डोंगरातली खडकसंहती वेगळी. कोकणातला गडगा आठवा. त्याचा एकेक दगड घणाने फुटत नाही, पण गडगा मात्र गुराच्या धक्क्यानेही ढासळतो. कारण ताकद दगडात असली तरी दुबळेपणा दोन दगडांमधल्या सांध्यात असतो. डोंगरातही तसंच. खडकात भेगा असतात, त्यांना संधी म्हणतात. त्या किती आहेत, किती अंतरावर आहेत, खडबडीत आहेत की गुळगुळीत, त्यांत चिकणमाती भरली आहे का, पाणी झिरपतं का, यावर बोगद्याचं छत टिकणं अवलंबून असतं. प्रयोगशाळेत दगडाचा तुकडा दाबून यातलं जवळजवळ काहीच कळत नाही.

मग हे मोजायचं कसं? १९४६ साली कार्ल टेर्झागी यांनी खडकाचे शब्दांत वर्ग पाडले आणि प्रत्येक वर्गात पोलादी कमानींवर किती भार येईल ते सांगितलं. १९५८ साली ऑस्ट्रियात लाउफर यांनी वेगळा प्रश्न विचारला: आधार न देता हा खडक किती वेळ उभा राहील? आम्हाला हा प्रश्न फार आवडतो. 'खडक चांगला आहे का' असं न विचारता 'आपल्या हाताशी वेळ किती' असं त्यांनी विचारलं.

साठच्या दशकात डॉन डीअर यांनी आकडा आणला, आरक्यूडी. डोंगरात भोक पाडून खडकाची लांब कांडी बाहेर काढतात. तिच्यातले १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असे धड तुकडेच मोजायचे. समजा, एक मीटरच्या कांडीत ३०, २२, ८, १५, ६ आणि १२ सेंटिमीटरचे तुकडे निघाले आणि उरलेला चुरा. मोजायचे ३०, २२, १५ आणि १२. बेरीज ७९, म्हणून आरक्यूडी ७९ टक्के. झालं!

सोपं आहे ना? पण आपण तत्त्वज्ञानाची माणसं, लक्षण दिसलं की दोष शोधणारच. नैयायिकांनी लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांतले दोन इथे लागू पडतात. सगळ्या संधी ९ सेंटिमीटरवर असतील तर आरक्यूडी शून्य; ११ सेंटिमीटरवर असतील तर १००. दोन्ही खडक जवळपास सारखे, पण एक वर्गाबाहेर फेकला गेला. ही अव्याप्ती. आता उलट बघा. तुकडे लांब लांब आहेत, आरक्यूडी ९५. पण संधींत ओली चिकणमाती आहे. आकडा म्हणतो 'उत्तम', आणि छत घसरायला तयार! ही अतिव्याप्ती. शिवाय भोक कोणत्या दिशेने पाडलं, त्यावरही आकडा बदलतो.

म्हणून १९७३ साली बिनियॉवस्की यांनी आरएमआर पद्धत मांडली. १९८९ च्या तिच्या सुधारित रूपात पाच विषय आहेत: दगडाच्या ताकदीला १५ गुण, आरक्यूडीला २०, संधींमधल्या अंतराला २०, संधींच्या अवस्थेला ३० आणि पाण्याला १५. एकूण १००. संधींची दिशा बोगद्याला प्रतिकूल असेल तर त्यातून गुण कापायचे. सर्वांत जास्त गुण संधींच्या अवस्थेला आहेत, हे लक्षात घ्या.

आता दोन खडक घेऊ. पहिला कणखर, पण बारीक तुटलेला. संधी खडबडीत, पाणी ठिबकतंय. गुण १२, ८, ८, २५, ४. बेरीज ५७. दुसरा मऊ, कोरडा, तुकडे मोठे; पण संधी गुळगुळीत घासलेल्या. गुण ४, १७, १०, १०, १५. बेरीज ५६. दोघेही ४१ ते ६० च्या खान्यात, म्हणजे 'मध्यम'. तक्ता म्हणतो, ५ मीटर रुंदीचं छत आधाराशिवाय साधारण आठवडाभर टिकेल. पण पहिल्यात लहान तुकडे सुटून पडण्याची आणि पाणी वाढण्याची भीती, तर दुसऱ्यात एखादा मोठा ठोकळा सरळ घसरून येण्याची. पहिल्यात पाण्याला वाट काढून द्यावी लागेल. दुसऱ्यात ठोकळा नेमका कुठे सुटतोय ते शोधून तिथे रॉक बोल्ट मारावे लागतील. गुणपत्रिकेचंही असंच असतं. गणितातली तूट मराठीने भरून निघते आणि टक्केवारी गोड दिसते!

१९७४ साली नॉर्वेत बार्टन, लिन आणि लुंडे यांनी क्यू पद्धत दिली. तिच्यात बेरीज नाही, तीन गुणोत्तरांचा गुणाकार आहे: ठोकळ्यांचा आकार, त्यांच्यातलं घर्षण, आणि पाणी व दाब. एक गुणोत्तर दहापट घसरलं की उत्तरही दहापट घसरतं, म्हणून ही पद्धत दुबळ्या जागेला जास्त जागते. पण तिच्यातही संधींच्या दिशेला स्वतंत्र जागा नाही. शिवाय ती २१२ बोगद्यांच्या अनुभवावर उभी राहिली, आणि अनुभव नेहमी कुठल्या तरी प्रदेशाचा असतो.

आपल्या सह्याद्रीचंच बघा. पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेला बसाल्ट दिसायला हलका वाटतो, पण त्यात संधी बहुधा कमी असतात. बोगद्याला तो पुष्कळदा सोयीचा. काळा घट्ट बसाल्ट देखणा, पण संधींनी चिरलेला. आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीसारखा थर असतो. तो पाण्याने मऊ पडतो. तो जाडीने हातभर असला तरी छताच्या नेमका वर आला की सरासरी गुणांत दिसत नाही आणि घात करतो. कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात तर लागली मऊ माती! तिथे खडकाचे तक्ते काय करणार?

मग हे आकडे टाकून द्यायचे का? मुळीच नाही. आकड्यामुळे रात्रपाळीच्या भूवैज्ञानिकाला दिवसपाळीच्या अभियंत्याशी एका भाषेत बोलता येतं. 'मला बरा वाटला' या उत्तरापेक्षा '५६' हे उत्तर तपासता येतं, खोडता येतं. फक्त दोन पथ्यं पाळायची. एक, बेरजेबरोबर सुटे गुणही लिहायचे. दोन, प्रत्येक सुरुंगानंतर समोरचा ताजा खडक पाहून गुण पुन्हा द्यायचे. कालचा वर्ग कालच्या खडकाचा होता.

त्या श्रोत्याला आमचं उत्तर एवढंच: पुस्तक भलत्या कपाटात गेलं तर ते उद्या सापडेल. बोगद्यात मात्र लाउफर यांनी विचारलेला तो वेळ कोणासाठी थांबत नाही.