घाट उतरणारी गाडी

पाताळपाणी स्टेशनात हेरिटेज गाडी उभी असते तेव्हा सगळी गर्दी खिडकीच्या जागेमागे लागलेली असते. इंदूरहून सकाळी डबे भरून निघालेली कुटुंबं, कॉलेजची पोरं, रामबागेतल्या दोन-तीन आजी, सगळ्यांना एकच विचारायचं असतं: धबधबा कोणत्या बाजूला? मी मात्र फलाटावरच रेंगाळतो, कारण मला जे बघायचं असतं ते गाडी सुटण्याआधीच घडतं. इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधल्या फटीत एक माणूस वाकून ब्रेकची नळी जोडत असतो. दुसरा गाडीच्या कडेने चालत प्रत्येक चाकापाशी थांबतो. पुढून लोको पायलट ब्रेक लावतो, लोखंडी ठोकळे चाकांना येऊन भिडतात, मग सुटतात. शेपटाकडच्या डब्यातला गार्ड त्याच्या समोरच्या काट्याकडे बघून खात्री करतो की पुढे दिलेला हुकूम मागपर्यंत पोचला. हे झाल्याशिवाय हिरवा झेंडा हलत नाही.

याचं कारण पुढचा घाट. माळव्याचं पठार इथे संपतं आणि विंध्याची कड नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते. पाताळपाणी ते कालाकुंड हे अंतर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, पण उतार चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. मोटारवाल्याला हा उतार जाणवणारही नाही. पण रेल्वेचं पोलादी चाक पोलादी रुळावर चालतं, तिथे पकड फार थोडी. त्यात श्रावणाचा पाऊस आणि रुळावर चिकटलेली सागाची पानं. अशा वाटेवर गाडी खाली नेणं हे वर नेण्यापेक्षा जोखमीचं काम आहे. वर जाताना इंजिन दमलं तर गाडी थांबते. खाली जाताना ब्रेकनं दगा दिला तर ती थांबत नाही.

म्हणून स्टेशन सोडून थोडं पुढे गेल्यावर गाडी पुन्हा क्षणभर थांबते. हे ठिकाण टंट्यामामाचं. इंग्रजांना वर्षानुवर्षं हुलकावणी देणाऱ्या टंट्या भिल्लाला 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फाशी दिली आणि त्याचा देह या रुळांपाशी आणून टाकला, असं इथले लोक मानतात. त्याच्या देवळासमोर गाडी थांबते, मामाला सलाम होतो, मगच घाट लागतो. रेल्वेच्या हिशेबी ती उतरणीआधीची ब्रेकची परीक्षा आहे. मला या दोन्ही गोष्टींत भांडण दिसत नाही. ज्या जागी शेकडो जिवांची जबाबदारी घेऊन उतरायचं, तिथे एकदा थांबून स्वतःला तपासावं, हे दोघांनाही कळलं आहे.

मग सुरू होतो खरा प्रवास. इंजिनाचा आवाज खाली जातो आणि त्याची जागा चाकांचा करकराट घेतो. लोको पायलट ब्रेक एकदाच दाबून धरत नाही. थोडा लावतो, वेग पडला की सोडतो, वळण दिसलं की आधीच पुन्हा लावतो. सतत घासत ठेवले तर ठोकळे तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. खिडकीतून तापलेल्या लोखंडाचा वास येतो तो याचाच. काळ्या बेसॉल्टमध्ये खोदलेले चार बोगदे येतात, पोरं आरडाओरडा करतात, वळणावर पुढचे डबे मागच्यांना दिसतात. धबधब्यासमोर गाडी थांबवतात. चोरल नदीचं पाणी सुमारे तीनशे फूट खाली कोसळताना इथून सुरक्षित दिसतं. हे मुद्दाम सांगतो, कारण 2011च्या जुलैमध्ये याच धबधब्याच्या पात्रात अचानक लोंढा आला आणि इंदूरच्या एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. पावसाळ्यात पात्रात उतरू नका.

हा मार्ग होळकरांच्या पैशातून उभा राहिला. 1870च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर. नर्मदेवरचा पूल 1876मध्ये खुला झाला आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत रूळ घाट चढून इंदूरला आले. अजमेरपासून थेट हैदराबादकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या साखळीतला हा सर्वांत अवघड दुवा. त्या काळी वर येणाऱ्या गाडीला कालाकुंडला मागून आणखी एक इंजिन लागे. त्याला बँकर म्हणत. ते मागे लावण्यात शहाणपण होतं: सगळं वजन पुढच्या एकाच जोडावर पडत नाही, आणि जोड तुटलाच तर सुटलेले डबे मागचं इंजिन धरून ठेवतं.

2023च्या सुरुवातीला महूहून ओंकारेश्वर रोडला जाणारी नेहमीची मीटर गेज गाडी बंद झाली. ब्रॉडगेजला हा चढ झेपणारा नसल्याने तिच्यासाठी लांबची, कमी उताराची नवी वाट धरली आहे. जुना घाट उरला तो 25 डिसेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या या हेरिटेज गाडीपुरता.

अशी अवस्था झालेला हा जगातला पहिला मार्ग नव्हे. अलास्कातल्या स्कॅगवे बंदरात व्हाइट पास नावाची, तीन फूट रुंदीच्या रुळांची रेल्वे आहे, 1898 ते 1900 या काळात सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी बांधलेली. खाणी बंद पडल्या तशी 1982मध्ये तीही बंद झाली. 1988मध्ये ती पुन्हा धावू लागली ती क्रूझ जहाजांमुळे. सकाळी जहाज धक्क्याला लागतं, प्रवासी धक्क्यावरच गाडीत बसतात, डोंगर चढून उतरतात आणि भोंगा वाजायच्या आत जहाजावर परततात. त्या एका दिवसाच्या सहलीवर तिथली इंजिनं, कार्यशाळा आणि कामगारांची पुढची पिढी टिकून आहे. इंदूरला समुद्र नाही, पण एका दिवसात जाऊन यायची हौस असलेलं लाखोंचं शहर तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे.

अशा सहलीवर काय काय टिकून असतं, ते कालाकुंडच्या फलाटावर नीट कळतं. गाडी थांबली की पळसाच्या पानांत कलाकंद घेऊन विक्रेते येतात. दूध आटवून दाणेदार केलेला, गोडाला बेताचा, धुराचा किंचित वास असलेला. पूर्वी दिवसभर येणाऱ्या गाड्यांना तो खपायचा, आता गिऱ्हाईक एवढंच. इथे गाडी बराच वेळ थांबते. लोक जेवतात, आजी सावलीत बसतात.

परतीच्या चढावर वायडीएम-4 या डिझेल इंजिनाचा खरा स्वर ऐकू येतो. लोको पायलट ताकदीचा एकेक टप्पा, म्हणजे नॉच, वाढवतो, धूर काळा होतो, चाक घसरू लागलं की रुळावर वाळू सोडली जाते आणि गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने वर सरकते. वाळू कधी सोडायची, नॉच कधी उतरवायचा, हे पुस्तकात असतं तेवढंच नाही. ते या घाटात वर्षं काढलेल्या माणसांच्या हातात आहे. मीटर गेजची कार्यशाळा, सुटे भाग आणि हे हात, तिन्ही देशभर कमी होत चालले आहेत. रेल्वेने धबधब्यासमोर दृश्यमंच बांधावेत, डब्यांना मोठ्या काचा लावाव्यात, पण त्याआधी तरुण लोको पायलट आणि फिटर या जुन्या माणसांच्या हाताखाली द्यावेत. ते निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरणार नाही.

आणि इंदूरकरांनो, पावसाळ्यात तिकीट आधी काढा, जागा लवकर भरतात. प्लास्टिक घाटात टाकू नका. पाताळपाणीला थोडं आधी पोचा आणि मुलांना आधी इंजिनापाशी घेऊन जा.