पाहुणे आणि पंतोजी

परदेशांतील चर्चची तरुण मंडळी सुट्टीत दोन-तीन आठवडे परक्या मुलखात जातात. तेथील मुलांना गाणी, खेळ, बायबलातील गोष्टी शिकवितात. हेतू चांगलाच, पण मुलांना लळा लागतो न लागतो तोच पाहुणे परत निघतात. श्रोतेहो, याउलट उदाहरण आपल्याकडचेच पाहा. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईस आल्या. मुंबईत व पुढे अहमदनगरास त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या, आणि १८६२ साली अहमदनगरासच त्यांचा अंत झाला. धर्मप्रसाराच्या हेतूविषयी मतभेद असतील, चिकाटीविषयी नाहीत. म्हणून धनजसारख्या गावी असे पाहुणे आले, तर त्यांनी गावच्या शिक्षकाच्या हाताखाली काम करावे. कारण पाहुणे गेल्यावर मुलांपाशी उरतो तो शिक्षकच!