लुकलुकल्याने ओएलईडी जास्त टिकत नाही

मोबाइलच्या दुकानात, यूट्यूबवर, मित्रमंडळींत एकच सल्ला ऐकून आता वैताग आला आहे: “डीसी डिमिंग चालू करू नका, पडदा लवकर जळेल. पीडब्ल्यूएममध्ये पिक्सेलला मधूनमधून विश्रांती मिळते, म्हणून तो टिकतो.” ऐकायला पटते, पण हे साफ चूक आहे.

पीडब्ल्यूएममध्ये पिक्सेल सेकंदाला शेकडो वेळा पेटतो आणि विझतो. डोळ्याला जाणवतो तो सरासरी उजेड. डीसी पद्धतीत पिक्सेल अखंड पेटलेला राहतो, फक्त प्रवाह कमी-जास्त होतो. ओएलईडी पडद्याच्या पिक्सेलचा उजेड जवळपास प्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणजे निम्मा वेळ विझवूनही तेवढाच सरासरी उजेड हवा असेल, तर उरलेल्या निम्म्या वेळात दुप्पट प्रवाह सोडावा लागतो. हमालाला अर्धा दिवस बसवायचे आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात पाठीवर एकदम दोन पोती लादायची, याला विश्रांती कसे म्हणायचे?

“पण हिशेब तर बरोबरीत सुटला ना?” असे कोणी विचारेल. नाही सुटत, आणि खरी गोम इथेच आहे. उजेड दुप्पट केला की आयुष्य निम्म्याहूनही खाली येते. ते उजेडाच्या ज्या घातांकाने घटते, तो पदार्थानुसार साधारण १.५ ते २ असतो. समजा, पिक्सेल फक्त पाव वेळ पेटवला. उजेड चौपट ठेवावा लागेल. घातांक १.५ धरला तर पेटलेल्या तासांचे आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. पाव वेळच पेटल्यामुळे घड्याळाच्या तासांत ते चौपट भरते, तरी शेवटी हाती निम्मेच उरते. घातांक २ धरला तर पाव!

असे का, यावर संशोधक फॉरेस्ट यांच्या गटाचे २००८ चे संशोधन प्रसिद्ध आहे. उत्तेजित रेणू आणि वाहते प्रभार एकमेकांशी भिडले की एकवटलेल्या ऊर्जेने रासायनिक बंध तुटतात. दोन्हींची गर्दी प्रवाहाबरोबर वाढते, म्हणून नुकसान प्रवाहापेक्षा वेगाने वाढते. निळा पिक्सेल आधी थकतो, कारण त्यात ही ऊर्जा सर्वांत जास्त असते.

मग फोनमध्ये पीडब्ल्यूएम का? अगदी क्षीण प्रवाहात पिक्सेल-पिक्सेलमधला फरक उघडा पडतो, पडदा डागाळलेला दिसतो, रंग बिघडतात. ते टाळण्यासाठी ही सोय आहे. मंद उजेडात झीज मुळात कमीच असते, तेव्हा लुकलुकीने डोळे दुखत असतील तर डीसी डिमिंग खुशाल चालू करा.

“ओएलईडी टिकवायला व्होल्टेज स्थिर ठेवले की झाले,” हेही चूक. व्होल्टेज थोडे वाढले तरी प्रवाह झपाट्याने वाढतो, आणि पदार्थ जुना झाला की त्याच व्होल्टेजला प्रवाह घटतो. म्हणून स्थिर ठेवायचा तो प्रवाह.

उलटे व्होल्टेज दिल्याने ओएलईडी पुन्हा तरुण होते, हे अर्धसत्य आहे. कोडॅकच्या व्हॅन स्लाइक, चेन आणि टँग यांनी १९९६ मध्ये सुमारे ४,००० तासांचे अर्धायुष्य गाठले. त्यात एसी (आलटून-पालटून उलट्या व्होल्टेजची) चालना होती, पण नवे थर आणि नवे पदार्थही होते. उलट्या व्होल्टेजने अडकलेले प्रभार सुटू शकतात. तुटलेले बंध जुळत नाहीत.

आयुष्य खरोखर वाढवते ती टँडम रचना: एकावर एक दोन उत्सर्जक थर. व्होल्टेज साधारण दुप्पट लागते, पण तेवढ्याच उजेडाला प्रवाह निम्मा पुरतो. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये हेच आहे.

टीव्हीतले ‘पिक्सेल रिफ्रेश’ही झीज भरून काढत नाही. ते पिक्सेल कितपत थकले आहेत हे मोजून चालना बदलते, म्हणजे डाग दिसत नाहीत. मात्र अनेक टीव्हींत ही मोजणी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये होते. म्हणून भिंतीवरचे बटण रोज रात्री बंद करू नका. गावाला जाताना मात्र जरूर करा.