पासवर्ड बरोबर, तरी कॉम्प्युटर उघडेना? लॉगिन मॅनेजर बदलण्याआधी हे वाचा

आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर उबुंटू टाकलेलं. गावातली पोरं त्यावरच भरतीचे फॉर्म भरतात. मागं एकदा पासवर्ड बरोबर टाकला तरी स्क्रीन काळी व्हायची अन् पुन्हा पासवर्डच मागायची. फॉर्मची मुदत दोन दिवसांवर. एक पोरगा म्हणाला, "दादा, लॉगिन मॅनेजरच बदलून टाकू."

लॉगिन मॅनेजर म्हणजे काय?
कॉम्प्युटर सुरू झाल्यावर नाव-पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम. थोडक्यात, दारावरचा राखणदार. लिनक्समध्ये तो बदलता येतो. लिनक्स मिंटमध्ये लाइटडीएम असतो, केडीईसोबत बहुधा एसडीडीएम. उबुंटूने २०१७ मध्ये लाइटडीएम सोडून जीडीएम घेतला.

बदलून फायदा काय?
लाइटडीएम हलका आहे. जुन्या मशीनवर पासवर्डची स्क्रीन लवकर येऊ शकते. पण आत गेल्यावर कॉम्प्युटर पळायला लागेल, असं नाही. राखणदार बदलला म्हणून घर मोठं होत नाही.

तोटाही आहे. उबुंटूच्या नेहमीच्या जीनोम डेस्कटॉपचं स्क्रीन लॉक जीडीएमवर अवलंबून असतं. लाइटडीएम घेतला तर ते लॉक चालत नाही. दहा जण वापरतात त्या कॉम्प्युटरला हे परवडणारं नाही.

आमचं दुखणं वेगळंच निघालं
कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं. नुसत्या अक्षरांची काळी स्क्रीन आली, तिथं मात्र लॉगिन झालं. पाहतो तर डिस्क १०० टक्के भरलेली! डाऊनलोड केलेले पिक्चर उडवले, मशीन पुन्हा चालू केलं, अन् डेस्कटॉप उघडला. फॉर्म मुदतीत गेले. नवा राखणदार आणला असता तरी आत पाय ठेवायला जागाच नव्हती.

तरीही बदलायचाच असेल तर
१. आधी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या.
२. जुना लॉगिन मॅनेजर काढू नका. दोन्ही मशीनवर राहू शकतात. नवा टाकताना कोणता वापरायचा ते उबुंटू विचारतं.
३. जुना परत निवडायची कमांड आधीच कागदावर लिहून ठेवा. स्क्रीन काळी पडली, तर वरच्याच तीन बटणांनी आत जाऊन ती वापरता येते.

आधी दुखणं ओळखा, मग औषध. पिकाला लावतो तोच नियम इथंही.