किचनसाठी दीड मिनिटाचा ॲनिमेशन व्हिडिओ कसा बनवायचा? भाताच्या टोपावरून शिकूया



शहापूरचे हायवेवरचे धाबेवाले असोत की मुरबाडला जेवणाच्या ऑर्डर घेणाऱ्या बचत गटाच्या ताई, एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, नवीन माणूस आला की दरवेळी तेच तेच सांगायचं. काहीतरी सोपं करा ना!" सोपं म्हणजे छोटा व्हिडिओ. एकदा बनवा, प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी दाखवा.

विषय हलका नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात भातसईच्या एका आश्रमशाळेत दुपारच्या जेवणानंतर शंभराहून जास्त मुलांना विषबाधेचा त्रास झाला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ज्याच्या हातचं शंभर माणसं खातात, त्याची एक चूक शंभर ताटांत जाते.

ॲनिमेशनच का?

कारण जंतू कॅमेऱ्याला दिसत नाहीत. मोबाइलने भाताचं शूटिंग केलं तर ताजा आणि बिघडलेला भात सारखाच दिसतो. ॲनिमेशनमध्ये एक लाल ठिपका काढला की मुद्दा कळतो. शिवाय कुणाचं खरं किचन दाखवायचं नाही, म्हणजे कुणाला लाज वाटायचा प्रश्नच नाही.

एक व्हिडिओ, एकच सवय

हात धुणं, कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवणं, पाणी, फ्रिज असं सगळं एकाच व्हिडिओत कोंबू नका. लक्षात काहीच राहत नाही. आज फक्त एक वाक्य घेऊ: "शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवायचं नाही." जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या ओट्यावरचं तापमान वर्षभर याच पट्ट्यात असतं.

सहा दृश्यं कागदावर काढा

१. भाताचा टोप, मागे घड्याळ. दुपारचा १ वाजलाय.
२. भातावर एक लाल ठिपका. पोषक वातावरणात काही जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार.
३. घड्याळ पळतं. याच हिशेबाने २ तासांत ६४, ४ तासांत ४,०९६. टोप लालेलाल.
४. आचारी म्हणतो, "उकळून घेऊ, काय होतंय!" ठिपके जातात, पण डाग राहतो. हे दृश्य सगळ्यात महत्त्वाचं. भातात वाढणारा बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असं विष सोडू शकतो, जे पुन्हा गरम करूनही जात नाही.
५. उपाय. भात गरम वाढायचा असेल तर ६० अंशांच्या वर ठेवा. साठवायचा असेल तर परातीत पातळ पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली. फ्रिज नसेल तर थोडा-थोडा शिजवा.
६. टोपावर चिकटपट्टी, तिच्यावर वेळ लिहिलेली: "उतरवला १ वाजता."

आता बनवायचं कसं?

महागडं सॉफ्टवेअर नको. पॉवरपॉइंटमध्ये सहा स्लाइड करा, ठिपक्यांना ॲनिमेशन द्या, एक्स्पोर्टमध्ये जाऊन व्हिडिओ बनवा. मोबाइलवर करायचं असेल तर कॅनव्हाचं मोफत खातं पुरतं.

बोलण्याची स्क्रिप्ट दीडशे शब्दांच्या आसपास ठेवा. लिहिली की घड्याळ लावून मोठ्याने वाचा, दीड मिनिटाच्या वर गेली तर काटा. भाषा पुस्तकी नको. "अन्नपदार्थांचे योग्य तापमानास संवर्धन करावे" असं किचनमध्ये कुणी बोलतं का? "भात उतरवला की वेळ लिहा" एवढंच बोला. आवाज गावातल्या एखाद्या मावशींचा घेतलात तर उत्तम. रेकॉर्डिंग पंखा बंद करून, मोबाइल तोंडाजवळ धरून करा.

दोन गोष्टी विसरू नका. किचनमध्ये मिक्सर, एक्झॉस्ट चालू असतो, आवाज ऐकू येतोच असं नाही. म्हणून मोठ्या अक्षरात मजकूर टाका. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रच बोललं पाहिजे. तपासायची युक्ती सोपी आहे: आवाज बंद करून व्हिडिओ एखाद्या कामगाराला दाखवा आणि विचारा, "काय समजलं?" त्याने "वेळ लिहायची" म्हटलं तर व्हिडिओ पास. नाहीतर दृश्य बदला. फाइल हलकी ठेवा, माळशेजकडच्या गावांत रेंज कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

व्हिडिओने काय होणार नाही

अन्न सुरक्षा कायदा २००६ नुसार लागणारी नोंदणी किंवा परवाना, आणि एफएसएसएआयचं फॉस्टॅक प्रशिक्षण, याला व्हिडिओ पर्याय नाही. आणि मालकाने स्वतः टोपावर वेळ लिहिली नाही तर कामगारही लिहिणार नाही. म्हणून व्हिडिओच्या आधी मार्कर आणि चिकटपट्टी आणा, ओट्याजवळ खिळ्याला अडकवा.

या आठवड्यात फक्त सहा चौकोन कागदावर काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल, टोप आणि घड्याळ सगळ्यांना काढता येतं!