वस्त्राला न अडणारे

आपल्या घरांत पाणी गाळल्यावाचून वापरले जात नाही. दुपदरी वस्त्र, त्यात अडकलेले सूक्ष्म जीव मूळ पाण्यात परत सोडण्याची दक्षता, कित्येक घरी उकळूनच पाणी पिण्याचा नियम. या आचाराने रोगराईपासून पिढ्यांचे रक्षण केले, यात संशय नाही. मात्र पाण्यात विरघळलेले फ्लोराइड किंवा नायट्रेट कोणत्याही वस्त्राला अडत नाही. उकळताना पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. म्हणजे त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी घ्यावयास हवे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात खडकांतून उतरलेले फ्लोराइड आढळते. भारतीय मानक १०५०० नुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर दात घडण्याच्या वयातील मुलांच्या दातांवर पांढरट, तपकिरी डाग उमटतात, आणि ते धुतल्याने जात नाहीत. प्रमाण फारच असेल तर पुढे सांधे व हाडे आखडतात. नायट्रेट खतांतून आणि शौचखड्ड्यांतून झिरपते. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही, कारण वरच्या दुधावरील तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्यामुळे घटते. चव, वास, रंग यांपैकी कशानेही याची चाहूल लागत नाही.

यंत्र विकणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवितो. आपल्या भाषेत बोलायचे, तर ती खतावणीची नुसती बेरीज. कोणत्या खात्यावर किती, हे तीत दिसत नाही. टीडीएस ३०० असलेल्या पाण्यातही फ्लोराइड २ निघू शकते. त्यासाठी रासायनिक तपासणीच हवी, आणि ती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते. पंप काही मिनिटे चालवून, बाटली त्याच पाण्याने विसळून मग नमुना भरावा. फ्लोराइडसाठी काचेची नव्हे, प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्यावी. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी केलेली बरी.

प्रमाण अधिक निघाल्यास आरओ यंत्राने फ्लोराइड व नायट्रेट दोन्ही उतरतात. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली, तुरटी व चुना वापरणारी नालगोंडा पद्धत फ्लोराइडपुरतीच आहे. यंत्र बसविल्यावर त्यातून निघालेले पाणीही तपासून घ्यावे, कारण आतला पडदा जुना झाला की नळाला पाणी येतच राहते, क्षार मात्र सुटू लागतात.