दिवसांचे महिने कसे करावे?

आपला गोंदिया जिल्हा धानासाठी प्रसिद्ध आहे. मृग लागला की शेतकरी पऱ्हे टाकण्याच्या तयारीला लागतात. बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेले असते, ‘कालावधी 135 दिवस’. घरातील वडीलधारी माणसे मात्र विचारतात, “धान किती महिन्यांत निघेल?” अशा वेळी हिशेब तुम्हालाच करावा लागतो.

सोपी रीत अशी. दिवसांना 30 ने भागा. भागाकार म्हणजे महिने आणि बाकी म्हणजे उरलेले दिवस. 135 ला 30 ने भागले की 4 येतात व 15 उरतात. म्हणजे 4 महिने 15 दिवस.

पण हे उत्तर अंदाजाचे आहे, कारण सगळे महिने 30 दिवसांचे नसतात. वर्षाच्या 365 दिवसांना 12 ने भागले, तर एका महिन्याला सुमारे 30.42 दिवस येतात. म्हणून नेमकी तारीख हवी असेल, तेव्हा दिनदर्शिका समोर ठेवून मोजावे.

समजा, 20 जूनला पऱ्हे टाकले. दुसऱ्या दिवसापासून मोजू या. जूनचे 10, जुलैचे 31, ऑगस्टचे 31, सप्टेंबरचे 30 आणि ऑक्टोबरचे 31 मिळून 133 दिवस झाले. आणखी 2 दिवस हवेत. म्हणजे 135 वा दिवस 2 नोव्हेंबरला येतो. 4 महिने 15 दिवस धरले असते, तर 4 नोव्हेंबर आली असती. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी बांधीतील पाणी काढतात. त्याची तयारी याच हिशेबावर होते. हवामानामुळे धान थोडे मागेपुढे पिकते, म्हणून शेवटी लोंबी पाहूनच विळा लावतात.

उधारीत मात्र अशी सवलत नसते. 1 जुलैला घेतलेले पैसे 90 दिवसांत फेडायचे असतील, तर शेवटचा दिवस 29 सप्टेंबर. ‘90 दिवस म्हणजे 3 महिने’ असे समजून 1 ऑक्टोबरला गेलात, तर दोन दिवस उशीर झालाच! दिलेला शब्द मोडला जातो.

आता उन्हाळी धान घ्या. 1 जानेवारीपासून 120 दिवस मोजले, तर 1 मे येते. येथे 4 महिने बरोबर जुळले, कारण फेब्रुवारी 28 दिवसांचा आहे. लीप वर्षात मात्र 30 एप्रिल येईल.

हिजरी महिना तर चंद्रावर चालतो. तो 29 किंवा 30 दिवसांचा असतो आणि वर्ष सुमारे 354 दिवसांचे. म्हणूनच रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस आधी येतो.

तेव्हा लक्षात ठेवा : अंदाज हवा असेल, तर 30 ने भागा; तारीख हवी असेल, तर दिवस मोजा. आणि कोणाला मुदत देताना किंवा कोणाकडून घेताना आधी विचारा, “दिवस मोजायचे की महिने?”